दोन संग्रहांची गति : स्थानिक इतिहाससंग्रहालयें कशीं चालतात व कशीं टिकतात

१. सन १९२६ हें वर्ष मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस दोन मृत्यूंमुळें स्मरणांत ठेवावें लागतें. ३१ मार्च रोजीं दत्तात्रेय बळवंत पारसनीस निवर्तले व ३१ डिसेंबर रोजीं धुळें मुक्कामीं विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा अंत झाला. दोघांनींही हयातभर जुने कागद जमविले. परंतु दोघांच्या पश्चात् त्यांच्या संग्रहांस जी गति मिळाली ती परस्परांहून अगदीं निराळी. पारसनीसांच्या संग्रहासाठीं साताऱ्यास १९२५ मध्यें ऐतिहासिक संग्रहालय स्थापन झालें होतें. नाना फडणिसांचें मेणवलीचें दप्तर हा त्यांतील मुख्य ऐवज. संस्थापक गेल्यावर कांहीं वर्षें तें साताऱ्यास राहिलें व १९३९ मध्यें पुण्यास डेक्कन कॉलेजांत नेण्यांत आलें. तेथें तें अभ्यासकांच्या उपयोगीं पडतें, याबद्दल सर्वांनीं समाधानच मानिलें पाहिजे. तथापि वाई-साताऱ्याच्या मुलखांतील तें दप्तर त्या मुलखास अंतरलें, हेंही तितकेंच खरें.

राजवाड्यांच्या मागें घडलें तें असें. धुळ्याच्या मंडळींनीं १९२७ सालीं त्यांच्याच नांवानें संशोधन मंडळ काढिलें, त्यांचे कागद व टिपणें राखलीं, आणि भास्कर वामन भट यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं त्यांत खानदेशांतील पोथ्या, मोडी कागद, नाणीं व शिल्पें यांची भर घालण्याचा उद्योग चालू ठेविला. मंडळाचें ‘संशोधक’ हें त्रैमासिक निघालें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत राजवाड्यांचें समग्र साहित्य १३ खंडांत प्रसिद्ध झालें तेंही याच मंडळाकडून. जिल्ह्याच्या गांवीं, वर्गणी, देणग्या व सभासदांचे स्वखुषीचे श्रम यांवर उभी राहिलेली संस्था एका विद्वानाचें ऋण इतक्या दीर्घ काळानें फेडूं शकते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या दोन उदाहरणांवरून कोणा एकास थोर व दुसऱ्यास उणें ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. एका माणसाचा संग्रह संस्थेचा कसा होतो, पगारी नोकरांचा ताफा नसतां अशी संस्था काय काय सांभाळूं शकते, आणि ती कोणत्या ठिकाणीं ढांसळते, एवढेंच येथें उलगडून सांगावयाचें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पोथ्यांचीं बाडें व कागदांचे रुमाल आहेत. त्यांस हा प्रश्न केवळ तात्त्विक नाहीं.

२. प्रथम हे कागद घराघरांतून कां राहिले व कां जाऊं लागले, हें पाहूं. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, इनामदार यांच्या घरांतील दप्तर हें त्यांच्या वतनाचा पुरावा होतें. महजर, सनद, खुर्दखत, कौलनामा, करीना यांपैकीं एखादा कागद हरवला तर हक्कच बुडण्याची भीति असे. इंग्रजी अमलांत इनाम कमिशनचें काम सुरू झालें व १८५२ च्या अकराव्या कायद्यानें त्यास बळकटी आली, तेव्हां ही भीति दुणावली. ज्यास पुरावा दाखवितां येईना त्याचें इनाम खालसा होऊं लागलें. म्हणून लोकांनीं कागद माळ्यावर, कणगींत, भिंतींतल्या कोनाड्यांत दडविले व परक्यास दाखविण्याचें नाकारिलें. राजवाड्यांसारख्यांस दारोदार जो नकार मिळे त्याचें मूळ या जुन्या धास्तींत होतें. याच काळांत बनावट सनदाही पुष्कळ तयार झाल्या, ही गोष्ट संग्राहकानें विसरूं नये.

पुढें काळ उलटला. १९५० च्या कायद्यानें परगणा व कुलकर्णी वतनें रद्द झालीं, १९५२ च्या कायद्यानें जात इनामें गेलीं, १९६२ च्या कायद्यानें पाटीलकीही संपली. ज्या कागदांवर घराण्याची भाकरी अवलंबून होती ते एका पिढींत निरुपयोगी ठरले. मोडी वाचणारेही त्याच सुमारास घरांतून नाहींसे झाले. अशा स्थितींत वाडा पाडतांना निघालेला रुमाल रद्दींत गेला तर नवल नाहीं. जें भीतीनें शंभर वर्षें राखलें तें बेफिकिरीनें एका दिवसांत गेलें, असें अनेक घराण्यांच्या बाबतींत म्हणावें लागेल. स्थानिक संग्रहालयाचें पहिलें प्रयोजन या ठिकाणीं आहे. वाडा पाडला जाणार ही बातमी राजधानींतील मोठ्या दप्तरखान्यास कळण्यापूर्वीं गांवांतील शिक्षकास, वकिलास किंवा वैद्यास कळते. तो त्याच दिवशीं जाऊन पोतें उचलून आणूं शकतो.

३. अशा संग्रहालयांत जमणाऱ्या वस्तूंचे स्थूलमानानें चार वर्ग पडतात. पहिला वर्ग पोथ्यांचा : सुट्या पत्रांच्या संस्कृत-मराठी पोथ्या व शिवलेलीं बाडें. धुळ्यासच शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमानें उभें राहिलेलें समर्थ वाग्देवता मंदिर हें या वर्गाचें ठळक उदाहरण होय. १८९३ मध्यें स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या मंडळींनीं मठोमठीं हिंडून रामदासी वाङ्मयाचीं बाडें मिळविलीं. समर्थांच्या हातचें म्हणून मानलें जाणारें वाल्मीकिरामायण याच संग्रहांत आहे. एका गांवांत एक संग्रह विषयावर व दुसरा प्रदेशावर उभारलेला, असे दोन शेजारी शेजारी असल्यानें दोहोंचीही कामगिरी नेमकी राहते.

दुसरा वर्ग दप्तरांचा, म्हणजे राजकीय पत्रव्यवहार, हिशेब, ताळेबंद, निवाडपत्रें व महजर यांचा. तिसरा नाणीं, ताम्रपट, शस्त्रें व चित्रें यांचा. चौथा शिल्पें, वीरगळ, शिलालेख यांचा. पैकीं दुसऱ्या वर्गांतील साधे हिशेब लोकांस क्षुद्र वाटतात. वास्तविक गांवच्या महजरावर पाटलाची नांगराची निशाणी व बलुतेदारांच्या आपापल्या निशाण्या असतात. अक्षर न येणाऱ्या माणसानें गोतसभेंत बसून दिलेली साक्ष आपल्यास दुसरीकडे कोठें मिळणार? राजाच्या शिक्क्याचा कागद एखाद्या प्रसंगावर उजेड पाडतो. कुलकर्ण्याचा जमाखर्च गांवाच्या पोटापाण्याचा इतिहास सांगतो.

४. संग्रहालयाचा पाया त्याच्या आवकवहींत असतो, इमारतींत नसतो. वस्तु दाराच्या आंत येतांच तिची नोंद झाली पाहिजे : क्रमांक, आल्याची तारीख, देणाऱ्याचें नांव व गांव, ती त्याजकडे कोठून आली, कागद किती, स्थिति कशी, आणि देणगी कीं ठेव. क्रमांक शिसपेनीनें, अक्षरांपासून दूर, हलक्या हातानें घालावा. शाईनें कदापि घालूं नये. आवकवहीची दुसरी प्रत निराळ्या इमारतींत ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. त्या अनुभवावरून वही व कागद एकाच तळघरांत ठेवणें किती धोक्याचें हें निराळें सांगावयास नको.

दुसरा नियम असा कीं, रुमाल ज्या क्रमानें बांधलेला मिळाला तो क्रम मोडूं नये. जुन्या कारकुनानें कागद एकत्र बांधले तेव्हां त्यास कांहीं कारण होतें. तारीख नसलेलें पत्र शेजारच्या कागदांवरून लावितां येतें. कोणत्या घराण्याचा कोणत्या तंट्याशीं संबंध होता, तें एकत्र ठेवलेल्या कागदांवरून उमगतें. हौशी संग्राहक शिक्क्याचे चार कागद निवडून घेतो व उरलेले टाकून देतो किंवा विकतो, तेव्हां तो चार कागद वांचवितो व एक दप्तर मारतो. निवडलेले चारही पुढें पोरके होतात. कारण ते कोठले, हें सांगणारे सोबती उरत नाहींत.

मूलस्थानाची नोंद कशी फळास येते याचें उत्तम उदाहरण जेधे शकावलीचें आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरचा हा कागद लोकमान्य टिळकांच्या हातीं आला व पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत १९१६ मध्यें प्रसिद्ध झाला. तोंपर्यंत शिवजन्माची तिथि वैशाख शुद्ध २ शके १५४९ ही सामान्यतः मानीत. शकावलींत फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी मिळाली. हा कागद अमुक घराण्याचा, तें घराणें शिवकालीं अमुक ठिकाणीं वागत होतें, ही माहिती बरोबर असल्यानेंच त्याच्या वजनाची चर्चा होऊं शकली. पुढें तंजावरास सांपडलेलें शिवभारत १९२७ मध्यें प्रसिद्ध झालें व त्यानें याच तिथीस दुजोरा दिला. तोच कागद बाजारांतून, कोणाचा हें न कळतां, हातीं आला असता तर किती वर्षें संशयांत पडून राहिला असता, याची कल्पना वाचकांनींच करावी.

याच्या उलट उदाहरणही आहे, व तें राजवाड्यांच्याच चरित्रांतलें आहे. त्यांनीं १९०९ मध्यें एका जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापिली. ग्रंथ छापला गेला, १९६० मध्यें सरकारी आवृत्तिही त्याच पाठाच्या आधारें निघाली. परंतु मूळ प्रत इतर अभ्यासकांस तपासावयास उरली नाहीं. तेव्हांपासून त्या प्रतीच्या काळाविषयींचा वाद मिटण्यास साधनच राहिलेलें नाहीं. इतका मोठा संशोधक, इतकी महत्त्वाची पोथी, आणि तरीही हा परिणाम! व्यक्तीच्या हातीं असलेली वस्तु कितीही विद्वान् हातांत असली तरी सार्वजनिक ठेवीइतकी निर्धास्त नसते, हा यांतला बोध.

५. नोंदीनंतर यादी. यादी करणारास मोडी वाचतां येणें पुरेसें नाहीं. कालगणना नीट कळली पाहिजे. मराठी कागदांत शके, राजशक, फसली, हिजरी व शुहूर असे अनेक सन येतात. शुहूर सनांतले आंकडे अरबी शब्दांनीं लिहिलेले असतात व तो सन मृगाच्या सुमारास बदलतो. उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० व १००० मिळून ११६१. पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदास त्यांत ५९९ मिळवावे, म्हणजे इ. स. १७६० येतें, जानेवारीपासून पुढें ६०० मिळवावे, म्हणजे १७६१ येतें. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ चा, म्हणजे याच शुहूर सनांतला. जो सरसकट ५९९ मिळवील तो पानिपतानंतरचीं पत्रें पानिपतापूर्वीं अकरा-बारा महिने नेऊन ठेवील. तसेंच सबा म्हणजे सात व सबैन म्हणजे सत्तर, तिसा म्हणजे नऊ व तिसैन म्हणजे नव्वद. घाईंत वाचणारा येथें हमखास फसतो. म्हणून यादींत मूळ शब्द जसेचे तसे उतरून त्यापुढें इसवी सन द्यावा. मग एकाचा हिशेब दुसऱ्यास पडताळतां येतो.

हल्लीं कागदांच्या संगणकीय प्रतिमा घेणें सोपें झालें आहे व तें अवश्य करावें. मूळ कागदाची हाताळणी त्यानें कमी होते व दूरच्या अभ्यासकास घरबसल्या काम करितां येतें. तथापि प्रतिमेचा क्रमांक व कागदाचा क्रमांक एकच असला पाहिजे, आणि कागदाची पाठही टिपली पाहिजे. कारण मोर्तब, जोडावरचा शिक्का किंवा दप्तरी पोंच पुष्कळदां पाठीवर असते. कागद जुन्नरी कीं दौलताबादी, शाई मूळची कीं मागाहून गडद केलेली, शिक्का उमटविलेला कीं काढलेला, या गोष्टी अखेर मूळ कागद उजेडाकडे धरूनच ठरतात. बनावट ओळखण्याचें काम प्रतिमेवर सोंपवितां येत नाहीं.

६. रक्षणाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या पूर्वजांची काजळाची शाई सहसा फिकी पडत नाहीं. शत्रु आहेत ते वाळवी, कसर, ओल व माणसाचा हात. पोथींतील चुकलेलें अक्षर झांकण्यास व किडीपासून राखण्यास हरताळ वापरीत. तो विषारी असल्यानें अशी पोथी हाताळल्यावर हात धुवावे. दप्तरांत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत जुनी आहे व ती वाईट नाहीं, मात्र पाला पूर्ण वाळलेला असावा व कागदास लागूं नये. रुमाल भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून उंच, लोखंडी मांडणीवर ठेवावे. धुवट सुती कापडांत बांधलेलें दप्तर श्वास घेतें. प्लास्टिकच्या पिशवींत ओल कोंडते. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावणें हा सर्वांत सर्रास होणारा अपराध होय. दहा-पंधरा वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदाचा तेवढा भाग खातो. पातळ जपानी कागद व गव्हाची खळ यांनीं केलेली दुरुस्ती पुढें पाण्यानें सोडवितां येते. जें सोडवितां येत नाहीं तें करूं नये, हा एक नियम पाळला तरी स्वयंसेवकांच्या हातून फारसें नुकसान होणार नाहीं.

कायद्याच्या दोन गोष्टी संग्राहकांस ठाऊक असाव्या. जमिनींत सांपडलेल्या द्रव्याची वर्दी १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. सबब नांगराच्या फाळास लागलेला नाण्यांचा हंडा कोणी परस्पर संग्रहालयास देऊं केला तर तो तसाच घेऊं नये. दुसरें, १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचें पाऊणशें वर्षांहून जुनें हस्तलिखित व शंभर वर्षांहून जुनी इतर वस्तु पुरावस्तु गणली जाते, व ती खाजगी रीतीनें परदेशीं नेतां येत नाहीं.

७. आतां मुख्य प्रश्न टिकण्याचा. विनावेतन काम करणाऱ्यांच्या संस्थेचें बळ व दुबळेपणा एकाच ठिकाणीं असतात. बळ हें कीं, काम करणारा आवडीनें करितो, गांव ओळखतो व गांव त्यास ओळखतें. दुबळेपणा हा कीं, सारें ज्ञान त्या एकाच्या डोक्यांत सांठतें. कोणता रुमाल कोणत्या कपाटांत, कोणत्या घराण्याशीं काय बोलणें झालें, कोणती पेटी ठेव म्हणून आली व कोणती देणगी, हें तोंडीं असतें. तो गेला कीं संग्रह जागच्या जागीं असूनही मुका होतो. वाळवीनें खाल्लेलें दप्तर निदान दिसतें तरी. नोंदीवांचून मुकें झालेलें दप्तर शाबूत दिसतें व कोणाच्याही उपयोगीं पडत नाहीं.

यावर उपाय तीन. पहिला : जें तोंडीं आहे तें वर्षाच्या वर्षास लिहून काढावें व वार्षिक वृत्तांत छापावें. जुन्या मंडळांचीं वार्षिक इतिवृत्तें व संमेलनवृत्तें आज जी साक्ष देतात ती याच संवयीमुळें. दुसरा : किल्ली, वही व यादी या तीन गोष्टी तीन व्यक्तींकडे असाव्या, आणि त्यांतली एक तरी तिशीच्या आंतली असावी. मोडीचे वर्ग चालवून त्यांतून असा माणूस तयार करणें हें कपाट विकत घेण्याहून निकडीचें आहे. तिसरा : संस्था रीतसर नोंदलेली असावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणें संस्था विसर्जित झाली तरी उरलेली मालमत्ता सभासदांत वाटून घेतां येत नाहीं, ती दुसऱ्या संस्थेस द्यावी लागते. ती दुसरी संस्था कोणती असावी, याचा विचार संस्था सुदृढ असतांनाच करून ठेवावा. साताऱ्याच्या संग्रहास निदान पुण्याचें आश्रयस्थान मिळालें; ज्यास तेंही मिळत नाहीं अशा संग्रहाची वाट रद्दीच्या तराजूकडे जाते.

८. शेवटीं आमच्या संग्राहक वाचकांस विनंति. आपला संग्रह आपल्या हयातींतच कोठें जावा हें ठरवून लिहून ठेवा. वारसांस मोडी येत नसेल तर त्यांच्यावर विसंबून राहूं नका. प्रेम असणें निराळें व कागद ओळखतां येणें निराळें. देतांना रुमाल जसा मिळाला तसा द्या, त्यांतले बरे कागद निवडून मागें ठेवूं नका. आणि तो आपणांस कोठून, कोणाकडून, कोणत्या सालीं मिळाला, याची चार ओळींची चिठी बरोबर द्या. मूळ देण्याचें मनांत नसेल तर निदान यादी व प्रतिमा द्या, म्हणजे कागद गेला तरी तो होता एवढें तरी राहील. संग्रहालयांच्या चालकांसही एक सांगणें आहे : देणाऱ्यास पोंच द्या, त्याचें नांव यादींत छापा, आणि तो पाहावयास आला तर त्याचा रुमाल घटकेच्या आंत काढून दाखवा. गांवांत एकाचा रुमाल असा निघाला कीं दहा जणांचीं माळ्यावरचीं गाठोडीं खालीं येतात.

राजवाड्यांस स्थिर बिऱ्हाड नव्हतें. तरी त्यांचे कागद राहिले, कारण ते जेथें वारले तेथल्या माणसांनीं तें काम आपलें मानलें. प्रत्येक तालुक्यास राजवाडे मिळणार नाहींत. परंतु वही घालणारीं चार माणसें मिळण्यास हरकत नसावी, आणि पुष्कळ दप्तरांचें भवितव्य तेवढ्यावरच ठरावयाचें आहे.